नळीतला वायू आणि माझ्या कवड्या

ऱ्हस्व-दीर्घाचं आणि माझं चौथीपासून वाकडं, अक्षर तर कोंबडीने उकरल्यासारखं. ही वही कुणी चोरून वाचलीच तर माफ करावं.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात धाकटे भाऊजी पुण्याहून शेवगावला घरी आले. पुण्यात ते कणांचं वजन करणाऱ्या यंत्रावर संशोधन करत. खानावळीचं बिल भागवायला माझे अंडी विकून साठवलेले साठ रुपये त्यांनी माझ्याकडून गुपचूप उसने नेले होते. आता त्यांच्या सरांनी बजावलं होतं, सोमवारी यंत्रातल्या कणांचा हिशेब दाखवा, नाहीतर शिष्यवृत्ती बंद. म्हणजे माझे साठही बुडाले.

हिशेब असा. विजेचा भार असलेला कण, त्याला आयन म्हणतात, वायू भरलेल्या नळीतून निघतो. वाटेत वायूचे कण त्याला धडकतात. कधी तो निसटतो, कधी भार गमावून बसतो, कधी तुटतो.

"म्हणजे नवी नवरी आणि आपली आळी," मी बोलून गेले आणि लाजले.

संगणकावर पाळी मिळत नव्हती. म्हणून टकरीत काय घडतं ते दैवावर सोडून प्रत्येक टकरीला मी सहा कवड्या टाकायच्या, भाऊजींनी लिहायचं. पाच-सहा उताण्या पडल्या की आयन तुटला.

सासूबाई म्हणाल्या, "दिराला जुगार शिकवतीस व्हय गं?"

शंभर आयन झाले आणि भाऊजींचा चेहरा उतरला. "वहिनी, खऱ्या यंत्रातून निम्मे तरी शाबूत निघतात. आपले नव्वद तुटले. माझं गणितच चुकलं."

मी हातातल्या कवड्यांकडे पाहिलं. माहेरी कवड्यांत मी कुणाला जिंकू दिलं नव्हतं. तळहातावर तोंडं जुळवून अलगद घसरवायची हाताला सवयच. पाच-सहाचं मोठं दान पडलं की बरं वाटायचं, आणि भाऊजी मुकाट्याने लिहून घ्यायचे.

गप्प बसले असते तर शिष्यवृत्ती गेली असती. पदर तोंडाशी धरून म्हणाले, "भाऊजी, मी जिंकायला खेळत होते."

"नव्वद जीव घेतलेत, वहिनी!"

"पेल्यातून टाकते आता."

पितळी पेल्यात खुळखुळवून सगळं पुन्हा केलं. सासूबाई कान झाकून बसल्या. रविवारी संध्याकाळी मोजले, बावन्न शाबूत.

सरांना पटलं. भाऊजींनी दिवाळीला चाळीस दिले. उरलेले वीस संक्रांतीला देताना म्हणाले, "मोजून घ्या, तुमच्या हाताचा भरवसा नाही."

मोजले. दिवाळीचे चाळीस धरून साठच्या साठ.