राबातला कोष

फुलपाखरांचे फोटो काढणारी बाई म्हटली की लोकांना वाटतं, हळवी असणार. मी हळवी नाही, तापट आहे. शिमगा उलटला की सकाळी उन्हं चढायच्या आत पेणजवळच्या आमच्या गावाच्या बांधांवरून हिंडते आणि मध्ये कोणी आलं तर खेकसते. कधी रोह्याकडच्या ओढ्यांवरही जाते, पण त्या वर्षी गाव सोडलं नाही. बांधावरच्या माकडलिंबाला राणी पाकोळीचा कोष लटकला होता. काळ्यानिळ्या पंखांचं ते मोठं फुलपाखरू कोषातून बाहेर पडताना मला टिपायचं होतं. इतक्या वर्षांत ते एकदाही साधलं नव्हतं.

एका सकाळी पाहते तर झाड बोडकं. चुलत दिराने राबासाठी छाटलं होतं. भाताची रोपं करायच्या जागेवर फांद्या नि पालापाचोळा पसरून जाळतात, तो राब. त्याला ऐनाचा पाला कमी पडला, म्हणून कोयता माकडलिंबावर चालवला. ढीग रचून झाला होता आणि एका कडेने पेटलाही होता.

मी धावत जाऊन ढिगात हात घातला. काटे मनगटापर्यंत रुतले. फांद्या उपसून फेकत होते, त्यातल्या काही पेटलेल्या, त्या शेजारच्या पेंढ्याच्या उडवीजवळ पडत होत्या. दीर कंपनीतली रात्रीची शिफ्ट करून तसाच शेतावर आलेला, डोळे लाल. त्याने माझा दंड धरून मागे खेचलं.

"पोट भातानं भरतं वहिनी, पाकोल्यांनी नाय."

माझ्या पायाशी कॅमेऱ्याचा लोखंडी स्टँड पडला होता. तो उचलून मी त्याच्या खांद्यावर हाणला. तो कोलमडला, त्याचा हात जाळात गेला. कातडी जळल्याचा वास आला, तरी मी फांद्याच उपसत होते. कोष सापडला, धडधाकट. दीर जळक्या हाताने उडवीजवळची आग विझवत होता आणि मी फांदी घेऊन घरी निघाले. फार आनंद झाला होता मला.

फांदी पडवीत टांगली. कोष काळपट पडत गेला, तशी मी हुरळले. पंखांचा रंग आतून दिसू लागलाय, असं सगळ्यांना सांगत सुटले. ते ऐकून दीरही एका सकाळी आला. हाताला पट्टी होती. माझ्यामागे उभा राहिला.

कोषाला बारीक भोक पडलं. त्यातून एक इवलीशी, हिरवट चकाकणारी गांधीलमाशी निघाली. मग दुसरी. मग निघतच राहिल्या. झाड छाटायच्या आधीच कधीतरी त्यांच्या आईने कोषात अंडी घातली होती आणि पोरांनी राणी पाकोळी आतून खाऊन संपवली होती.

"याच्यासाठी मारलंत मला, वहिनी?" त्याने हळूच विचारलं.

मी डोळ्यावरचा कॅमेरा काढला नाही. माश्या संपेपर्यंत फोटो काढत राहिले, कारण मागे वळून त्याच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.