डाव्या हातातल्या शंभर पेशी

दोन महिन्यांपूर्वी, मंगळवारी सकाळी सव्वानऊला, दिघाशीच्या माझ्या मामांनी स्वतःच्या डाव्या हातातल्या शंभर पेशी अंगठ्याने दाबून मोजल्या आणि एकही दुखत नसल्याचं जाहीर केलं. माणसाचं अंग इतक्या शिस्तीने हाताळणारा दुसरा माणूस भिवंडी तालुक्यात नाही. वडप्याच्या गोडाऊनमधले हमाल शिफ्ट सुटली की मामांच्या ओटीवर येऊन पालथे पडतात. मामा तिळाचं तेल कोमट करतात आणि मोजायला लागतात. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात माणसाला पाचशे पेशी, म्हणजे स्नायू, सांगितल्या आहेत, एकेका हातापायात शंभर. मामा प्रत्येक पेशी दाबणार, हमालाने हजेरी दिल्यासारखं "हाय" म्हणायचं. मध्येच कुणाचा फोन वाजला, तर मोजणी पुन्हा एकपासून. एक हमाल तीनदा सत्तरीवरून परत एकवर आला. शेवटी कळवळून म्हणाला, "चाचा, दर्द तो कब का गया, अब घर जाने दो." मामांनी त्याला शंभर भरल्यावरच सोडला.

त्याच ग्रंथात बायकांना वीस पेशी जास्त दिल्या आहेत. हे मामा मोठ्या मनाने सगळ्यांना सांगतात. मामी आतून विचारते, "अवो, माझ्या कदी मोजल्या?"

"टाइम कुठं हाय?"

मी एकदा मुलीचं शाळेचं पुस्तक घेऊन गेलो. आधुनिक शास्त्रात स्नायू तीनच प्रकारचे, असं त्यांना वाचून दाखवलं: आपल्या इच्छेने चालणारे, आपल्याला न विचारता चालणारे आणि तिसरा हृदयाचा.

"पाचशेचे तीन? बाकीच्यांना घरी बसवलं का काय?" मामा म्हणाले. मग त्यांनी निकाल दिला. "पयला म्हंजे हमाल. सांगितलं की उचलतो. दुसरा हायवेचा ट्राफिक. कुनाच्या बापाचं ऐकत न्हाय, सरकला तर सरकला. आन तिसरा ती बघ, तुझी मामी. जल्मात सुट्टी न्हाय."

"ऐकलं बरं," आतून आवाज आला.

त्या मंगळवारी त्यांचा डावा हात पहाटेपासून दुखत होता. मोजणी संपल्यावर मामा म्हणाले, "हात साफ हाय," आणि त्यांनी पुढच्या हमालाला झोपायला सांगितलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. मामीने तेलाची वाटी उचलून घेतली आणि विचारलं,

"दाबल्यावर एक बी दुखत न्हाय. मंग दुखतंय काय?"

मामा पुन्हा अंगठ्याने दंड चाचपायला लागले.

"तिसरा," मामी म्हणाली आणि तिने रिक्षा बोलावली.

भिवंडीच्या डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका असल्याचं सांगितलं. वेळेत आणलं, हेही सांगितलं. खाटेवरून मामांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, "डॉक्टर, ह्यो पाचशेतलाच का येगळा?" डॉक्टरांनी त्यांना बोलू नका म्हणून बजावलं.

मामांना जोर लावायला मनाई आहे, त्यामुळे हमालांचं मालिश बंद आहे. काल दुपारी चार वाजता मी दिघाशीला गेलो. मामी ओटीवर आडवी झाली होती. मामा तिच्या पायाशी बसून हलक्या अंगठ्याने मोजत होते. आकडा त्रेसष्टवर आला होता. "हाय" कुणी म्हणत नव्हतं. मामीला झोप लागली होती. तेवढ्यात माझा फोन वाजला. मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.