हात करू का?

आमचं घर रस्त्याच्या अलीकडे, मळा पलीकडे. मधून इंदापूर-बारामती रस्ता. माझ्या सासऱ्यांची, म्हणजे तात्यांची, तो ओलांडायची एकच रीत होती: हात करायचा. कडेला उभं राहून गाडीवाल्याच्या डोळ्यांत बघायचं, हात वर करायचा आणि चालू लागायचं. मोठ्याने गाणी लावलेला, दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टरसुद्धा हळू व्हायचा. मला मात्र बघूनच धडकी भरायची.

रस्ता रुंद झाला, तसे घरासमोरच्या फाट्यावर सिग्नल बसवा म्हणून मीच अर्ज केले, हेलपाटे घातले. सिग्नल आला आणि मी तात्यांना तंबी दिली. "आता हात करायचा नाही. पायी जाणाऱ्यांचा दिवा हिरवा झाला की जायचं."

"मग दिवा बघू का गाडी बघू?"

"दिवा!" मी ठणकावलं. शाळेत शिकवते ना, घरीही तोच आवाज लागतो.

पहिल्याच महिन्यात हिरव्या दिव्यावर निघालेल्या तात्यांना मोटारसायकलने उडवलं. त्या माणसानेही दिवाच बघितला होता. लाल व्हायच्या आत सुटू म्हणून त्याने गाडी आणखी पळवली, पण तोवर लाल झालाच होता. तात्यांचं मनगट मोडलं. ते एका शब्दाने मला बोलले नाहीत, याचाच मला जास्त राग आला.

आता तीन आठवडे सिग्नल बंद आहे. कचेरीत विचारलं की "वरून माणूस येईल" एवढंच उत्तर. आणि चीड आणणारी गोष्ट अशी की दिवा बंद झाल्यापासून फाट्यावर सगळे हळू येतात, एकमेकांकडे बघतात, वाट देतात. सिग्नल आणि पाट्या काढल्या की रस्ते सुरक्षित होतात, असं एका सहकाऱ्याने वाचून दाखवलं, तेव्हा मी त्याच्यावर उगाच खेकसले. परगावच्या गाड्या काय तात्यांना ओळखतात? पण अर्ज कुणी केले होते, हे मला ठाऊक होतं.

आज सकाळी मी एसटीची वाट बघत होते. मनगट मोडल्यापासून आज पहिल्यांदाच मळ्यात निघालेले तात्या विळा घेऊन कडेला उभे होते, कधीचे. एक ट्रॅक्टर आपणहून थांबला.

"तात्या, चला की! थांबलोय न्हवं!"

तात्यांनी बंद दिव्याकडे बघितलं. "दिवा लागला न्हाय अजून," म्हणाले. मागे वाहनांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले. तेव्हा ते माझ्याकडे वळले. बरं झालेलं मनगट त्यांनी छातीशी धरलं होतं.

"सूनबाई, करू का हात?"