वाळू, चिखल आणि गेटलगतची भिंत

सानपाड्यात आमच्या सोसायटीच्या गेटलगतच्या भिंतीला वालुकाश्माच्या फरश्या लावल्या होत्या. ज्या बाजूवर लाटांच्या रेघा उमटल्या होत्या, ती शोभिवंत म्हणून बाहेर ठेवली होती. भिंतीखाली सिमेंटचा बाक. सकाळी तिथे मुलं शाळेच्या बसची वाट पाहत, एरवी सेक्रेटरींच्या आई बसत.

पावसाळ्याआधी सेक्रेटरींनी फरश्यांची चकाकी टिकावी म्हणून त्यांवर पारदर्शक लेप मारून घेतला. पावसाने जोर धरला, तशा वरच्या रांगेतल्या काही फरश्या फुगल्यासारख्या दिसू लागल्या.

माझी पत्नी कॉलेजात भूविज्ञान शिकवायची. एका संध्याकाळी ती लाटणं घेऊन खाली उतरली आणि फरश्यांवर हलके ठोके देऊ लागली. सैल फरशी निखळू नये म्हणून हातोडी तिने मुद्दाम घरी ठेवली होती.

"आज भिंतीची पाळी का? म्हणजे साहेब वाचले," लाटण्याकडे आणि मग माझ्याकडे बघत सेक्रेटरी म्हणाले.

"आवाज ऐका, भाऊ."

खालची रांग भरीव वाजत होती, वरची पोकळ.

तिने सांगितलं ते असं. हा दगड उथळ किनाऱ्यावर घडला. भरतीने वाळू आणली. पाणी स्थिरावलं की वाळूवर चिखलाचा पातळ पदर बसला. पुन्हा वाळू, पुन्हा चिखल. खाणीत हे थर आडवे असतात, वरच्या वजनाने दाबलेले राहतात. इथे ते उभे लावलेत. सांध्यांतून पाणी आत जातं, लेपामुळे बाहेर पडत नाही. चिखलाचा पदर फुगतो आणि पुढचा थर सुटतो.

"मग लॉबीतल्या फरशीला काही होत नाही ते?"

"ती चुनखडीची. शांत पाण्यात चुन्याचा बारीक गाळ साचून झालेली. तिच्यात हे चिखलाचे पदर नाहीत. शिवाय ती आडवी आहे. भाऊ, बाकावर बसणं बंद करा."

"वहिनी, दगड आहे तो. खारी नाही."

"खारीच आहे. भिजायला वेळ घेते, एवढंच."

बाक बंद झाला नाही. सोसायटीच्या ग्रुपवर दोन्ही बाजूंनी मेसेज पडत राहिले. ती मात्र सकाळी बस येईपर्यंत खाली उभी राहून मुलांना भिंतीपासून लांब ठेवू लागली. काही आया वैतागल्या. "उगाच टेन्शन देतात," असं एकीने तिच्यासमोरच म्हटलं.

शेवटी सेक्रेटरींनी एक फरशी काढून बघायचं कबूल केलं. रविवारी सकाळी मिस्त्री शिडीवर चढला. फरशी भिंतीच्या गेटकडच्या टोकाची होती. बाकाच्या दुसऱ्या टोकाला सेक्रेटरींच्या आई बसल्या होत्या.

"आधी आजींना उठवा," पत्नी म्हणाली.

"एकच तर काढायचीय. आई तिकडे लांब बसलीय," सेक्रेटरी म्हणाले."

"मला न्हाई उठायचं," आजी म्हणाल्या. त्या साताऱ्याकडच्या. "गुडघं धरल्यात. दगूड काय मला वळखून पडतोय?"

मिस्त्रीने छिन्नी सांध्यात घातली.

"दादा, थांबा," पत्नी म्हणाली.

मिस्त्री थांबला आणि सेक्रेटरींकडे पाहू लागला. सेक्रेटरींनी काम चालू ठेवायची खूण करायला हात उचलला. हात अर्ध्यावर राहिला. त्यांनी वर, आईच्या डोक्यावरच्या फरशीकडे पाहिलं. मग ते बाकापाशी गेले, आईच्या काखेत हात घालून त्यांनी तिला उभं केलं आणि लॉबीच्या पायरीपर्यंत नेलं. आजी वाटभर कुरकुरत होत्या.

मिस्त्रीने ठोका दिला. छिन्नीखालची फरशी हलली नाही. सुटली ती दुसऱ्या टोकाची, तीही अर्धीच. मागचा थर भिंतीला तसाच चिकटून राहिला आणि रेघांचा पुढचा थर सरळ घसरत बाकावर आला. त्याचे तुकडे गेटपर्यंत उडाले.

भिंतीवर उघड्या पडलेल्या भागावर तपकिरी, ओला पदर होता. पत्नीने त्यावरून बोट फिरवलं. बोटाला चिखल लागला.

"बाकीच्या?" सेक्रेटरींनी विचारलं.

"वरची रांग आजच. बाकीच्या वाजवून बघू."

सेक्रेटरींनी ग्रुपवर मेसेज टाकला. मेन गेट बंद, उद्यापासून शाळेची बस मागच्या गेटला, भिंतीखाली कोणीही थांबू नये. तरी लोक सवयीने पुढूनच येत होते. म्हणून काम संपेपर्यंत ते स्वतः गेटबाहेर पावसात उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला मागे वळवत होते. आजींनी लॉबीच्या दारात खुर्ची मागून घेतली होती. मुलाचा आवाज पोचला नाही असं वाटलं की त्या आतून ओरडत, "लांबनं जा गं, लांबनं."