खिडकीतला नागोबा

फेल्डहोवनच्या मराठी मंडळात गेल्या उन्हाळ्यात बातमी फिरली, की जयंती बापटने सासऱ्यांच्या अस्थी काळ्या कलशात भरून रस्त्याकडच्या खिडकीत ठेवल्यात. इथे डच घरांत खिडकीला पडदे लावायची फारशी रीत नाही. त्यामुळे येताजाता सायकलचा वेग कमी करून सगळ्यांनी दर्शन घेतलं, काहींनी तर हातही जोडले. मग कळलं, सासरे पुण्यात ठणठणीत आहेत आणि रोज सकाळी हास्यक्लबात हसताहेत. कलश म्हणजे नुसतं मडकं होतं.

नुसतं म्हटलेलं जयंतीला चालत नाही, ते सोडा. बाई इंजिनियर, कॉम्प्युटरच्या चिपा बनवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत. कामासाठी न्यू मेक्सिकोला गेली, तिथे मूलनिवासी पुएब्लो लोकांच्या एका गावात लोरेटा नावाची नामांकित कुंभारीण भेटली. चाक नाही, साचा नाही. मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडं घडवायचं, ओलसर असतानाच नक्षी कोरायची, गोट्याने घासघासून आरसा करायचा आणि शेणाच्या आचेत धूर कोंडून काळं करायचं. पहिलं मडकं जयंतीने विमानातून मांडीवर घेऊन आणलं.

"लग्नानंतर मला एवढं जपून आणलं नव्हतंस," नवरा निहार म्हणाला.

बघता बघता खिडकीत तीन मडकी झाली. मग लोरेटाबाईंनी एक मोठा कोरीव रांजण घडवला आणि जयंतीची झोप उडाली. त्यावर एका बड्या संग्राहकाचाही डोळा होता. पण लोरेटाबाई पैशाला भुलणाऱ्या नव्हेत. "आधीची मडकी कशी नांदताहेत ते दाखव, मग बघू," त्यांनी कळवलं. व्हिडिओ कॉल ठरला, तोही नेमका नागपंचमीच्या संध्याकाळी.

त्या दिवशी जयंती ऑफिसात, घरी पुण्याहून आलेल्या सासूबाई, राधाबाई. फेल्डहोवनला मातीचा नागोबा कुठून मिळायचा? सुपरमार्केटात दूध मिळालं, लाह्यांच्या जागी पॉपकॉर्न मिळाले. आणि खिडकीत बघतात तर एका मडक्याच्या पोटावर वळसे घेत कोरलेला साक्षात नाग! राधाबाईंनी हळदकुंकू लावलं, पॉपकॉर्न वाहिले, नागाच्या तोंडाशी चमच्याने दूध सोडलं.

जयंती घरी आली ती थेट खिडकीकडे धावली. या मडक्यांना पाण्याचा थेंबही सोसत नाही. दुधाच्या ओघळाचा मळकट पट्टा त्या आरशावर उमटला होता.

"आई, अहो हे काय केलंत?"

"काय केलं? तूच म्हणालीस ना, शेणावर भाजलंय. मग सोवळंच की!"

"मडकं फिरवून ठेव," निहार कुजबुजला. "पाठ दाखव. लोरेटाला काय कळतंय!"

जयंतीचा हात मडक्यापर्यंत गेलाही. फिरवलं असतं तर रांजण बहुतेक पदरात पडला असता. पण ज्या हातांनी हा आरसा घासला, त्यांनाच फसवायचं? तिने हात मागे घेतला. कॉल लागताच फोन थेट पट्ट्यासमोर धरला.

"सासूबाईंनी या नागाला दूध पाजून पूजा केली. चूक माझी, मी त्यांना सांगून ठेवलं नव्हतं."

 मग लोरेटाबाई अशा हसल्या, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"त्या बड्या माणसाने मला कुलूपबंद काचेचं कपाट दाखवलं. वर विचारतो, ही नक्षी म्हणजे बागेतला पाइप का? तुझ्या सासूने निदान साप ओळखला!" मग दरडावलंही, "हळद कोरड्या ब्रशने झटक. पट्टा जायचा नाही, तो राहू दे. आणि म्हातारीला सांग, साप पाण्यातला आहे, त्याला दूध पचत नाही. रांजण तुझा."

सप्टेंबरात रांजण आला, तेव्हा निम्मं मंडळ बघायला लोटलं. राधाबाई तर दारातच, जणू घरचं कार्य! शेजारच्या मीनलला मात्र राहवेना.

"काय गं जयंती, पुढच्या पंचमीला आम्हीही येतो दूध घेऊन. आम्हालाही पावू दे तुझा नागोबा!"

जयंती म्हणाली, "या की. पण दूध चहात घालायचं आणि हळदकुंकू मला लावायचं. रांजण नागोबाने नाही, मी मिळवलाय."