तुमची पंचमी की आमची?

"मग कृष्ण काय दोनदा जन्मला?"

"नाना, कृष्णाला मधे आणू नका. मी कॅलेंडरबद्दल बोलतेय."

"मीही कॅलेंडरबद्दलच बोलतोय! आपली श्रावण वद्य अष्टमी, मारवाड्यांची भादवा बदी आठम. महिन्याचं नाव वेगळं, पण रात्र एकच. बाळ एक, पाळणा एक. तुझ्या त्या डब्यात मात्र दोन बाळं, तीही महिन्याच्या अंतरानं!"

"डबा नाही, लॅपटॉप."

"झाकण आहे ना त्याला? मग डबाच."

भूमिकानं कपाळावर हात मारला. नशिराबादला हायवेलगत असलेल्या मंगल कार्यालयाच्या ऑफिसात बापलेकीची सकाळपासून जुंपली होती. ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर तीन कॅलेंडरं. बाप म्हणजे लीलाधर, वय एकसष्ट, कार्यालयाचे बत्तीस वर्षांचे मॅनेजर आणि अख्ख्या पंचक्रोशीचे नाना. लेक जळगावात वेबसाइटी बनवायची. कार्यालयाच्या वेबसाइटवर तारीख निवडायचं कॅलेंडर तिनं नुकतंच चढवलं होतं, तेही मराठी, मारवाडी आणि अहिराणी अशा तीन भाषांत. प्रत्येक तारखेखाली तिथी होती. मंगळवारचा तिनं मंगयवार केला, 'सगळ्या तारखा'च्या 'बठ्ठ्या तारखा' केल्या आणि एएम-पीएम काढून सकाळ, दुपार, संध्याकाळ घातलं. परवापर्यंत नाना येणाऱ्याजाणाऱ्याला खुर्चीत बसवून दाखवत होते, "आमच्या पोरीनं केलं. लावा बोट, चावत नाही ते."

आज सकाळी त्यात त्यांना सायरबाईंचं नाव दिसलं. सोळा जूनला.

सायरबाई म्हणजे जळगावच्या सुभाषचंद शेटजींच्या घरच्या. वय चौऱ्याहत्तर, जबान तेवीसची. नात आयुषीचं लग्न त्यांनी काल स्वतःच्या बोटानं मोबाइलवर नोंदवलं होतं. मारवाडी निवडलं, तिथी शोधली, बटण दाबलं. वर इंग्रजी तारीख कुठली आली, हे बघायचं त्यांना कारणच नव्हतं. आयुष्यभर तिथीवर चालल्या होत्या त्या.

"पापड वाळत घालण्याआधी चार वेळा आभाळ बघणारी बाई ती," नाना म्हणाले. "ती उघड्या लॉनवर जूनमध्ये लग्न काढेल?"

"पण त्यांनीच निवडलंय! जेठ बदी पांचम. जेठ म्हणजे ज्येष्ठ, बदी म्हणजे वद्य. मी नावापुढे नाव लावत गेले. चूक कुठे आहे त्यात?"

"नावात नाहीच चूक. त्यांचा महिना पुनवेनंतर सुरू होतो, आपला अवसेनंतर. म्हणून अंधारा पंधरवडा आला की त्यांचं महिन्याचं नाव एक घर पुढे. त्यांचं जेठ बदी म्हणजे आपलं वैशाख वद्य. म्हणजे सतरा मे."

"मी तपासलं होतं, नाना. पाडवा जुळला. अक्षय तृतीयेची आखाजी जुळली. दसरासुद्धा जुळला!"

"जुळणारच. तिन्ही उजेडाच्या पंधरवड्यातले. उजेडात सगळ्यांचंच जुळतं, बाई."

हे ज्ञान नानांना पोथीतून मिळालेलं नव्हतं. नाना मूळचे पाचोऱ्याचे मांडव घालणारे गडी; इथं मॅनेजर झाले, त्या पहिल्याच हंगामात तिथीच्या याच घोळापायी फाटकात दोन घोडे समोरासमोर उभे राहिले होते. एकावर मारवाडी नवरदेव, दुसऱ्यावर यावलकडचा पाटलाचा पोरगा. दोन बँड, दोन वेगळी गाणी, आणि मधे हात जोडून उभा लीलाधर. घोडे एकमेकांच्या माळांचा वास घेत होते. शेवटी शेजारच्या शाळेच्या मैदानावर एक लग्न लागलं, पण पाटलांनी जाताना म्हटलेलं, "ज्याच्या शब्दावर मांडव उभा राहत नाही, त्यानं मांडवाच्या धंद्यात पडू नये," हे नानांच्या मनात कायमचं रुतलं.

तेव्हापासून नाना कुणालाही आधी एकच प्रश्न विचारत, "तुमची पंचमी की आमची?" उत्तर आलं की मगच पेन उघडायचं. आपली लाल शाईत, त्यांची हिरव्या. ती डायरी मालकालाही मिळत नसे. भूमिकानं एकदा म्हटलं होतं, "आता ती माळ्यावर टाका." त्यावर नाना दोन दिवस ती उशाशी घेऊन झोपले होते.

"लाव फोन भाभीजींना," नाना म्हणाले. "आवाज मोठा कर."

"बोला लीलाधरभाऊ!" सायरबाईंचा आवाज टेबलावर येऊन आदळला. "जेवणाचं काय ते आत्ताच सांगते. सूर्य बुडायच्या आत सगळ्या पंगती उठल्या पाहिजेत."

"उठतील, भाभीजी. आधी लग्न कधी, ते सांगा."

"हे काय विचारणं झालं? आखाजीनंतरची पुनम गेली, की पाचव्या दिवशी! पत्रिका छापायला गेल्यासुद्धा."

"मग तुमची पांचम आमच्या महिन्यात..."

"तेच तर! तुम्ही दरवेळी विचारता, तुमची की आमची. या वेळी मोबाइलनं विचारलंच नाही. मला वाटलं, न विचारता घेतोय, म्हणजे त्याला माहीत असणार."

फोन बंद झाला. भूमिकानं पडद्यावर मेचं पान आणलं. सतरा मेचा चौकोन तिथं लख्ख हिरवा होता, म्हणजे रिकामा.

"चल," नाना नरमाईनं म्हणाले. "भाभीजींना सतराला आण, म्हणजे मिटलं. पुढे तो प्रश्न घाल तुझ्या डब्यात. चुका माणसाकडूनच होतात."

"नाना."

"काय?"

"तो दिवस मी दिला."

"कुणाला दिला?"

"वना आप्पांना. शिरपूरकडचे, त्यांच्या रत्नाच्या लग्नासाठी. तासापूर्वी फोन आला होता, तुम्ही लॉनवर होतात. कॅलेंडरात हिरवं दिसलं, मी हो म्हटलं, नोंद घालायची अजून राहिलीय. ते जळगावातच होते. नारळ घेऊन निघालेत."

नानांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. बत्तीस वर्षांत हे असं एकदाच झालं होतं. तेव्हा निदान शिव्या द्यायला समोर परका माणूस होता.

"मग आता?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. आधी वना आप्पांचा फेटा दिसला, मग नारळ, मग त्यांच्या बायकोच्या, ताईबाईंच्या हातातला पेढ्यांचा पुडा. आप्पा लांबूनच ओरडले, "ओ नाना! बठ्ठा गावले सांगी टाकं बरं का!"

नाना उठायला लागले. गुडघा कुरकुरला. "तू बस इथं. या फाटकात उभं राहायची मला सवय आहे."

भूमिकानं लॅपटॉपचं झाकण लावलं. ड्रॉवर ओढला. आतली डायरी बाहेर काढली, वैशाखाचं पान उघडलं आणि लाल-हिरव्या ओळींवरून भराभरा बोट फिरवत एका कोऱ्या ओळीवर, म्हणजे रिकाम्या दिवसावर, थांबली. ते पान दुमडून तिनं डायरी काखेत धरली. डायरीला हात लागलेला नानांनी पाहिला, पण विचारलं ते वेगळंच.

"अगं, काय सांगणार आहेस त्यांना? कंप्युटर म्हणाला म्हणून?"

"नाही, चूक माझी झाली म्हणून." तिनं चपला पायात सरकवल्या, ओढणी नीट केली आणि फाटकाकडे चालू लागली.