पोलिव्हिओसचा मुका डबा

पोलिव्हिओसने आयुष्यभर बेटावरच्या माणसांच्या दाढ्या केल्या आणि दर रविवारी चर्चमध्ये स्तोत्रं म्हटली. दाढ्या त्याने केव्हाच सोडल्या. स्तोत्रं सोडायला तो तयार नव्हता, पण आवाजच त्याला सोडून चालला होता. मागे बसणाऱ्या बायकांना आता त्याचे नुसते ओठ हललेले दिसत.

गावचे धर्मगुरू पापा याकोवोस यांनी हा विषय फार हळुवारपणे काढला. "या रविवारी स्तोत्रं म्हणायला डोंगरावरच्या थेमिसला बोलावू का? तेवढीच तुला विश्रांती."

"मला विश्रांती नको, पापा. आवाज मोठा करणारा डबा बनवतोय मी."

खरं तर तोवर त्याने स्क्रूसुद्धा हातात घेतला नव्हता. पण शब्द तोंडातून गेला होता. शहरातून सुटे भाग मागवले, वस्तरे ठेवायच्या जुन्या लाकडी डब्यात ते बसवले, चष्म्यावर चष्मा चढवून तारांना कथलाचे डाख दिले. शनिवारी सकाळी बटण दाबलं. डब्यावरचा दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. डबा ढिम्म.

शेजारचा स्तेर्गिओस, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, कॉफीचा कप घेऊनच आला. "सेल जिभेला लावून बघ."

पोलिव्हिओसने लावला आणि तोंड वाकडं केलं.

"सेल जिवंत आहे, जीभही आहे," स्तेर्गिओस म्हणाला. "मास्तर, गिऱ्हाइकाचा कान कापला की तू तुरटी लावायचास. इथे काय लावणार?"

"तोंड मिट, नाहीतर तुझ्याच तोंडाला लावीन."

सेल उलटा बसलाय का, ते बघून झालं. बटण बघून झालं. सगळे डाख उकलून पुन्हा दिले. दिवा नाही. पोलिव्हिओस आपल्या म्हाताऱ्या बोटांकडे बघत राहिला. चूक यांचीच, दुसऱ्या कुणाची? उद्या थेमिस उभा राहणार आणि आपण बाकावर बसून त्याचं ऐकणार.

सेल काढायला गेला तर बोटाला चटका बसला.

"हा तापलाय," तो सावकाश म्हणाला. "म्हणजे वीज निघतेय. पण दिव्यापर्यंत पोचायच्या आत मधेच कुणीतरी गिळतंय."

"मग गिळणाऱ्याला शोध."

इतका वेळ दारात उभी असलेली एव्हान्थिया, पोलिव्हिओसची बायको, एकदम दूध बघायला आत गेली.

सेलखालच्या तारा उचलल्यावर गिळणारा सापडला. डोळ्यासारखा निळा मणी, आणि त्याची पिन लाल तारेतून शिरून काळीतून निघालेली, बाळाच्या झबल्याला लावावी तशी.

"एव्हान्थिया."

"काय?"

"हे काय आहे?"

"दिसतंय ना तुला." ती हात पुसत आली. "नवी नाव आली की लावतात, नवं बाळ आलं की लावतात. अख्खी गल्ली डबा बघून गेली, दृष्ट नाही लागणार?"

"मी नको म्हटलं होतं."

"म्हणूनच आत लावला."

"अगं, वीज एका तारेतून निघते आणि तुझ्या पिनेवरून लगेच घरी परत येते."

"मग चांगलंच आहे की. वेळेत घरी येते. तुझ्यासारखी कॉफीच्या दुकानात रेंगाळत नाही."

स्तेर्गिओसला ठसका लागला आणि कॉफी नाकात गेली.

पोलिव्हिओसने पिन काढली, तारांना चिकटपट्टी गुंडाळली, नवा सेल घातला. बटण दाबताच हिरवा दिवा लागला. त्याने माइक तोंडाशी धरून एक ओळ म्हटली, आणि मधेच थांबला. आवाज मोठा झाला होता. आवाजातला कंपही तेवढाच मोठा झाला होता.

त्याने बटण बंद केलं. "पापांना सांगतो, बोलवा थेमिसला."

"का?"

"ऐकलंस ना? शेळी ओरडल्यासारखं वाटतंय."

"ती शेळी मी घरात रोज ऐकते," एव्हान्थिया म्हणाली. "चर्चमध्ये मागे बसून तुझं एक अक्षर कळत नव्हतं. आत्ता शब्दन् शब्द कळला."

थोड्या वेळाने डबा गळ्यात अडकवून पोलिव्हिओस बंदरावर गेला. पापा याकोवोस तिथे मासे निवडत होते.

"थेमिस येऊ दे, पापा. चढे सूर त्याचे, बाकीचं माझं."

"आणि डबा? चालतो का?"

पोलिव्हिओसने बटण दाबलं, माइक ओठांशी नेला आणि हळूच म्हणाला, "चालतो."

धक्क्यावरचे सगळे कोळी वळून बघायला लागले.